स्पिनिंगचा क्लास लक्षात कसा राहतो: पाऊण तासाची आखणी

४५ मिनिटांच्या स्पिनिंग क्लासमध्ये पेडल तीन हजारांहून जास्त वेळा फिरतं. सायकल जागची हलत नाही, समोर रस्ता नाही, वारा येतो तो पंख्याचा. अशा पाऊण तासातलं दोन दिवसांनी काय आठवतं? एखादं गाणं, एखादा अवघड चढ, शेवट कसा झाला ते, आणि आपल्याला कुणी नावाने हाक मारली होती का ते. बाकीचं पुसलं जातं. म्हणून क्लास घेणाऱ्याला तो रंगवायचा असेल तर पूर्ण वेळ आवाज चढवून उत्साह ओतत राहण्यापेक्षा या तीन-चार जागा नीट बांधणं जास्त उपयोगाचं. आणि त्या आदल्या दिवशी कागदावर बांधता येतात.

हा व्यायामप्रकार १९८०च्या दशकाच्या अखेरीस लॉस एंजेलिसमध्ये रुजला. मूळचा दक्षिण आफ्रिकेचा प्रशिक्षक जॉनी गोल्डबर्ग ‘रेस अ‍ॅक्रॉस अमेरिका’ या अमेरिका आडवी पार करणाऱ्या शर्यतीची तयारी करत होता. घरात सराव करता यावा म्हणून त्याने स्थिर सायकल बनवली आणि पुढे त्यावर संगीताच्या साथीने गटाचे क्लास सुरू केले. (हीच शर्यत २०१५ मध्ये नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी दोघांच्या संघातून पूर्ण केली.) तेव्हापासून सायकली सुधारल्या, पडदे आले, आकडे आले. क्लास फसतो त्याची कारणं मात्र फारशी बदललेली नाहीत.

शिखर आणि शेवट

१९९३ साली डॅनियल कानेमन आणि सहकाऱ्यांनी एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. लोकांना १४ अंश सेल्सिअसच्या गार पाण्यात ६० सेकंद हात बुडवायला सांगितलं. दुसऱ्या खेपेला तेच ६० सेकंद, आणि त्यापुढे आणखी ३० सेकंद, पण त्या ३० सेकंदांत पाण्याचा गारवा किंचित कमी होत हळूहळू १५ अंशांपर्यंत आलेला. दुसऱ्या खेपेत त्रास एकूण जास्तच होता. तरी ‘यातलं कुठलं पुन्हा कराल?’ असं विचारल्यावर ३२ पैकी २२ जणांनी लांबलेली खेप निवडली. अनुभव किती वेळ चालला हे मन फारसं मोजत नाही. सर्वांत तीव्र क्षण आणि शेवट, या दोन जागांवरून ते सगळ्याचा भाव ठरवतं.

हेच सायकलवर तपासलं गेलं. २०१६ साली झॅकरी झेंको आणि सहकाऱ्यांनी लोकांना व्यायामाच्या सायकलवर १५ मिनिटं बसवलं. एका गटाला सोप्यापासून अवघडापर्यंत चढवत नेलं, दुसऱ्याला अवघडापासून सोप्यापर्यंत उतरवत आणलं. श्रम तेवढेच. उतरत गेलेल्या गटाला व्यायाम जास्त सुखद वाटला, नंतर तो तसाच आठवला, आणि पुढचा व्यायामही आवडेल असं त्यांना वाटलं.

आता बहुतेक क्लास कसे संपतात ते पाहा. शेवटची दोन मिनिटं ‘जीव तोडून स्प्रिंट’, मग घाईघाईने टॉवेल, अर्धी माणसं स्ट्रेचिंगआधीच दाराबाहेर. सर्वांत मोठा त्रास आणि शेवट एकाच जागी येतात. नियमित येणाऱ्यांना हे आवडतही असेल, कारण त्यांना दमल्याचंच समाधान हवं असतं. पण तिसऱ्यांदा यायचं की नाही या विचारात असलेला माणूस घरी जाताना तेवढा गुदमरलेला श्वास घेऊन जातो.

वरचा प्रयोग १५ मिनिटांचा आणि प्रयोगशाळेतला आहे, तो जसाच्या तसा ४५ मिनिटांच्या क्लासला लावता येत नाही. पहिल्याच मिनिटाला जोर काढायला लावणं तर साफ चूक, शरीर तापायला ६-८ मिनिटं लागतातच. पण त्यातली दिशा घेता येते. सर्वांत अवघड काम क्लासच्या दोन-तृतीयांशाच्या आसपास ठेवा, आणि तिथून पुढे सगळं उतरतं, तरीही सुरेल ठेवा.

४५ मिनिटं कागदावर

श्रमाची पातळी १ ते १० अशी धरू. स्वीडिश मानसशास्त्रज्ञ गुन्नार बोर्ग यांनी ही मोजपट्टी बसवली आणि तिचं रोजच्या वापराचं रूप फार सोपं आहे. ३ म्हणजे आरामात गप्पा. ५-६ म्हणजे वाक्य पूर्ण होतं पण मध्ये श्वास घ्यावा लागतो. ७-८ म्हणजे तीन-चार शब्द. ९ म्हणजे ‘हो’ किंवा ‘नाही’ एवढंच.

पहिली ७ मिनिटं दोन गाण्यांची, पातळी ३-४. याच वेळात आज काय होणार ते सांगून टाका: ‘एक लांब चढ, मग दीड मिनिटाचे चार जोर, मग उतार.’ लोकांना पुढचा रस्ता दिसला की ते ताकद वाटून खर्च करतात. मिनिट ७ ते ११ मध्ये २० सेकंदांच्या तीन छोट्या चढाया, मध्ये भरपूर सैल वेळ. त्यामुळे पाय जागे होतात आणि मुख्य कामाची चव मिळते. ११ ते २० हा बसून चढायचा घाट. दर ३ मिनिटांनी रेझिस्टन्स, म्हणजे पेडलचा जडपणा, किंचित वाढतो, पातळी ५ वरून ७ पर्यंत जाते, पेडल मिनिटाला ६५ ते ७५ फेरे. मग २ मिनिटं पूर्ण सैल, पाणी, टॉवेल.

२२ ते ३२ हे शिखर. दीड मिनिटाचे चार जोर, मध्ये ७५ सेकंदांची विश्रांती. पहिले दोन पातळी ७ वर, तिसरा ८ वर, चौथा ज्याला जमेल त्याने ९ वर. चौथ्या जोरासाठी तुमच्याकडचं सगळ्यांत दमदार गाणं राखून ठेवा आणि ते त्याआधी वाजवू नका. चारही जोर ९ वर मागितले तर काय होतं ते ठरलेलं आहे: लोक पहिल्यात संपतात, दुसऱ्यात खोटं करतात आणि चौथ्यात खाली बघत बसतात. शिखर एकच असेल तरच ते शिखर म्हणून आठवतं.

३२ ते ३४ विश्रांती. ३४ ते ४० हे आमच्या मते क्लासमधलं सर्वांत महत्त्वाचं आणि सर्वांत दुर्लक्षित गाणं. रेझिस्टन्स मध्यम, फेरे ८० ते ९०, पातळी ५ वरून ४ वर उतरती, आणि गाणं असं की ज्याचे शब्द सगळ्यांना पाठ आहेत. इथे बोलणं जवळपास बंद ठेवा. गटाचे पाय एका ठेक्यात पडतात ते इथेच, कारण इतक्या हलक्या पातळीवर कुणाचीही दमछाक होत नसते. शेवटची ५ मिनिटं सैल पेडल आणि मग सायकलवरून उतरून मांड्या, पोटऱ्या, पार्श्वभाग आणि कंबरेच्या पुढच्या स्नायूंना ताण. पॅकेज संपत आलंय, फी बाकी आहे, पुढच्या सोमवारी सुट्टी आहे या सूचना सुरुवातीलाच उरकून घ्या. शेवटच्या मिनिटाला फीची आठवण करून दिलीत तर लोक तीच घेऊन घरी जातील.

गाण्याचं गणित

गाण्याचा वेग बीट प्रति मिनिट म्हणजे बीपीएममध्ये मोजतात. १५ सेकंद ठेका मोजा आणि ४ ने गुणा, पुरेसं अचूक उत्तर मिळतं. पेडलच्या फेऱ्यांशी त्याचं नातं दोन प्रकारे जुळतं. दर बीटवर एक पाय, म्हणजे उजवा-डावा-उजवा-डावा, असं चालवलं तर फेरे बीपीएमच्या निम्मे. १३० चं गाणं म्हणजे ६५ फेरे, चढासाठी उत्तम. १५० म्हणजे ७५. १७० ते १८० म्हणजे ८५ ते ९०, सपाट रस्ता. दुसरा प्रकार म्हणजे दर बीटवर उजवाच पाय खाली. मग ८५-९० बीपीएमचं संथ गाणंही ८५-९० फेऱ्यांचं होतं.

अडचण १०० ते ११५ च्या मधल्या गाण्यांची. निम्मे केले तर ५० ते ५७ फेरे, गुडघ्यांसाठी फार जड. पूर्ण धरले तर १०० च्या पुढे, नवख्याला न झेपणारे. आपली अनेक लाडकी नाचाची गाणी नेमकी याच पट्ट्यात येतात, आणि ‘बीटवर चला’ म्हटल्यावर अर्धा वर्ग का गोंधळतो त्याचं उत्तर तिथे असतं. अशी गाणी वॉर्म-अपला, ठेका न जुळवता, वाजवावीत.

दादरा ठेक्यातली गाणी मात्र सायकलवर सुंदर बसतात. सहा मात्रांचे तीन-तीनचे दोन भाग पहिल्या आणि चौथ्या मात्रेवर सुरू होतात. पहिलीवर उजवा पाय, चौथीवर डावा, म्हणजे एक आवर्तन म्हणजे पेडलचा एक फेरा. लयीला हेलकावा येतो आणि लोक आपोआप गोल फिरवू लागतात, नुसतं खाली दाबत नाहीत. जुन्या चित्रपटगीतांबाबत एक सावधगिरी: ती वादकांनी एकत्र बसून वाजवलेली आहेत, त्यांची लय कडव्यागणिक थोडी सरकते. ७२ फेरे धरा असं सांगून असं गाणं लावलंत तर तिसऱ्या अंतऱ्याला पडद्यावरचा आकडा आणि कान भांडू लागतात. तिथे आकडा सोडून द्या, गाण्यामागे जा म्हणा.

ठेका जुळवण्याचा फायदा नुसता मौजेपुरता नाही. लंडनच्या ब्रुनेल विद्यापीठातले कोस्टास कारागिओर्गिस बरीच वर्षं संगीत आणि व्यायाम यांचा अभ्यास करत आले आहेत. त्यांच्या सहभागाने २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात लोकांनी ६५ फेऱ्यांनी सायकल चालवली. ठेका पायांशी जुळलेला असताना, जरा संथ आणि न जुळणाऱ्या संगीताच्या तुलनेत, तेवढ्याच कामाला सुमारे ७ टक्के कमी ऑक्सिजन लागला. अभ्यास छोटा होता, पण कल लक्षात घेण्याजोगा आहे. मर्यादाही माहीत असावी: हलक्या-मध्यम श्रमात संगीत दमणूक कमी भासवतं, पण पातळी ८-९ वर शरीराचा आरडाओरडा इतका मोठा होतो की गाणं तो झाकू शकत नाही. तिथे त्याचं काम वेगळं, त्रास तोच राहतो पण तो सोसावासा वाटतो. म्हणूनच दमदार गाणं चौथ्या जोराला लावायचं.

खासगी वापरासाठी घेतलेलं गाण्यांच्या अ‍ॅपचं सदस्यत्व व्यावसायिक क्लासला चालत नाही, ध्वनिमुद्रित गाणी वाजवायला जिमकडे सार्वजनिक सादरीकरणाचा परवाना असावा लागतो. तो आहे का, हे व्यवस्थापनाला आधीच विचारून घ्या.

कधी बोलायचं, काय बोलायचं

नाचाच्या बहुतेक गाण्यांत बदल ३२ बीटनी येतात. १२८ बीपीएमच्या गाण्यात ३२ बीट म्हणजे बरोबर १५ सेकंद. बदलाच्या क्षणी सूचना दिली तर लोकांचा हात रेझिस्टन्सच्या नॉबकडे जाईपर्यंत क्षण निघून जातो. शेवटच्या ८ बीटना, म्हणजे पावणेचार सेकंद आधी, सांगितलं तरी घाई होते. १६ बीट आधी सांगा, साडेसात सेकंद मिळतात: ऐकायला, समजायला, हात न्यायला. मग बदल गाण्यासोबत सगळ्यांच्या पायांत एकदम उतरतो, आणि अंगावर काटा आणणारा क्षण तोच असतो.

सूचनेत तीन गोष्टी हव्यात आणि याच क्रमाने: फेरे किती, जाणवायला कसं हवं, किती वेळ. ‘सत्तर फेरे, तीन शब्दांच्या पुढे बोलता येऊ नये इतकं जड, दीड मिनिट.’ बस. यापुढची वाक्यं गाण्याच्या वाटेत येतात.

‘नॉब दोन घेर फिरवा’ ही सूचना टाळावी, आणि तिचं कारण यंत्रात आहे. जुन्या पद्धतीच्या सायकलीत नॉब फिरवला की फेल्टचा पॅड फ्लायव्हीलवर, म्हणजे सायकलच्या जड चाकावर, घासतो. पॅड किती झिजलाय त्यावर दोन घेरांचा जोर ठरतो, शेजारशेजारच्या दोन सायकलींतही तो वेगळा असतो. चुंबकाच्या सायकलीत घर्षण नसतं, चुंबक चाकाजवळ सरकतो आणि ओढ वाढते, तिथे आकडे जास्त विश्वासाचे. तरीही ५० किलोच्या आणि ९० किलोच्या माणसाला एकच आकडा सांगण्यात अर्थ नाही. छोट्या जोरांसाठी हृदयाचे ठोकेही कामाचे नाहीत: ठोके श्रमांच्या मागून येतात, ३० सेकंदांचा जोर संपून गेल्यावर घड्याळ वाढलेला आकडा दाखवतं. श्वास आणि बोलता येण्याची कसोटी तत्काळ असते, आणि ती फुकट आहे.

उलटी मोजणी खरी ठेवा. ‘शेवटचे १० सेकंद’ म्हणून २० सेकंद लांबवलेत की पुढच्या जोरात सगळे १० सेकंद राखून ठेवतात. ही युक्ती एकदाच चालते आणि तिची किंमत महिनाभर मोजावी लागते.

पहिल्यांदा आलेला माणूस

नवख्याच्या आठवणीत गाणं राहत नाही, सीट राहते. त्याला क्लासच्या १० मिनिटं आधी बोलवा. सायकलशेजारी उभं करून सीट कमरेच्या हाडाच्या पातळीला आणा. मग बसवून टाच पेडलवर, पेडल सर्वांत खाली: पाय सरळ व्हायला हवा. चवडा पेडलवर ठेवला की गुडघ्यात २५ ते ३५ अंशांचा बाक राहतो. सीट उंच झाली तर कंबर डावी-उजवी डोलते आणि पायाची बोटं खाली ताणली जातात. बुटकी राहिली तर गुडघा पुढून दुखतो. दोन्ही पेडल आडव्या रेषेत धरून पुढचा गुडघा पेडलच्या आसावर येईल इतकी सीट पुढे-मागे करा. हँडल सुरुवातीला सीटच्या बरोबरीने किंवा वर. हातांना मुंग्या येत असतील तर वजन हातांवर पडतंय, हँडल वर घ्या. सगळे स्क्रू घट्ट आवळा आणि तिन्ही आकडे (सीटची उंची, सीट किती पुढे-मागे, हँडलची उंची) त्याच्या फोनमध्ये टिपून द्या. पुढच्या वेळी तो स्वतः अर्ध्या मिनिटात सायकल लावतो, आणि हे जमल्याचा आनंद लहान नसतो.

या सायकलीत पाय थांबवले तरी पेडल थांबत नाहीत, कारण फ्लायव्हील पेडलला थेट जोडलेलं असतं. नॉब खाली दाबला की ब्रेक लागतो, हे चालवायला लागण्यापूर्वी प्रत्येक नव्या माणसाकडून एकदा करून घ्या. सुटलेली नाडी, ओढणी, घोळदार पायजमा क्रँकमध्ये, म्हणजे पेडलच्या दांड्यात, अडकतो. सीटचं दुखणं पहिल्या काही क्लासनंतर कमी होतं, पॅडची शॉर्ट्स मदत करते, हेही सांगा. न सांगितल्यास त्याला वाटतं आपल्यातच काही कमी आहे.

उत्साहाच्या भरात एक धोका विसरू नये. सवय नसलेल्या माणसाने पहिल्याच क्लासमध्ये जीव तोडला तर मांडीच्या स्नायूंचे तंतू मोठ्या प्रमाणात तुटून त्यातली द्रव्यं रक्तात उतरू शकतात. त्याला ऱ्हॅब्डोमायोलिसिस म्हणतात, आणि त्याने मूत्रपिंडाला इजा होऊ शकते. स्पिनिंगच्या पहिल्या क्लासनंतर असे रुग्ण दाखल झाल्याची नोंद वैद्यकीय नियतकालिकांत आहे. एक-दोन दिवसांनी मांड्या प्रचंड दुखणं, सुजणं, लघवी गडद तपकिरी होणं ही लक्षणं. अशा वेळी थेट रुग्णालय गाठायचं. म्हणून पहिला क्लास २०-३० मिनिटांचा, बहुतेक बसून, पातळी ६ च्या वर नाही. उतरून बाहेर जायला मोकळीक आहे हे सगळ्यांसमोर सांगा, म्हणजे जाताना त्याला लाजल्यासारखं होत नाही. हृदयविकार असलेल्यांनी आणि गरोदर स्त्रियांनी डॉक्टरांना विचारूनच यावं.

नावं आल्या आल्या विचारा आणि सायकलच्या क्रमांकासमोर लिहून ठेवा. क्लासमध्ये प्रत्येकाला किमान एकदा नावाने हाक पडली पाहिजे, आणि तीही काहीतरी नेमकं सांगताना: ‘मीनलताई, खांदे सैल, छान.’ पन्नाशीच्या बाईंना ‘काकू’ म्हणू नका, त्या तिथे काकू म्हणून आलेल्या नसतात. नावापुढे ताई किंवा दादा, आणि वयाने मोठ्यांशी अहो-जाहो, एवढं पाळलं तर शेवटच्या रांगेपर्यंत सगळे मोकळे होतात. त्या शेवटच्या रांगेसाठी दोनदा तरी आपल्या सायकलवरून खाली उतरा. पुढे बसून मागच्या गुडघ्यांचं काही दिसत नाही.

स्पर्धा की जोडी

पडद्यावर सगळ्यांचे आकडे क्रमाने लावले की वरचे चार-पाच पेटून उठतात आणि खालचे नजर चुकवू लागतात. जोड्या लावणं जास्त चांगलं. १९२०च्या दशकात ऑटो क्योलर या जर्मन मानसशास्त्रज्ञाने बर्लिनच्या रोइंग क्लबच्या खेळाडूंमध्ये पाहिलं होतं की, आपण थांबलो तर जोडीदाराचंही थांबतं असं असेल तर दोघांतला कमजोर गडी एकट्याने टिकला असता त्यापेक्षा जास्त टिकतो. अलीकडे व्यायामाच्या सायकलवरही तसंच आढळलं: थोड्या सरस जोडीदारासोबत, आणि जो आधी थांबेल त्याचाच वेळ संघाचा धरला, तर लोक एकट्यापेक्षा खूपच जास्त वेळ टिकले. अट एकच, दोघांतला फरक माफक हवा. फार तफावत असेल तर कमजोर माणूस आधीच सोडून देतो.

क्लासमध्ये हे असं करता येतं. शेजारच्या दोघांची जोडी. ४० सेकंद एकाचा जोर, दुसरा सैल, मग अदलाबदल, असे प्रत्येकी चार. शेवटी दोघांचं अंतर मिळून मोजायचं. आकडे नसलेल्या सायकली असतील तर ३० सेकंदांत उजवा गुडघा किती वेळा वर येतो ते जोडीदाराने मोजायचं. मोजायला लागलं की दुसऱ्याकडे बघावंच लागतं, आणि अनोळखी माणसं तिथेच बोलायला लागतात.

कल्पनेचा रस्ताही उपयोगी पडतो, जर तो खरा असेल. वाईहून पाचगणीला चढणारा पसरणीचा घाट घ्या: कृष्णेकाठचा सपाट रस्ता हा वॉर्म-अप, पसरणी गावानंतर बसून चढ, वळणावळणाला दोन पावलं उभं राहून, वरच्या वळणांवर धोम धरणाचं पाणी खाली दिसायला लागतं ते शिखर, आणि पाचगणीचं टेबललँड म्हणजे ते पाठ असलेलं सपाट गाणं. एका गाण्याला एकच वाक्य, जास्त वर्णन नको. ज्यांनी तो घाट पाहिलाय त्यांच्या डोळ्यांपुढे बाकीचं आपोआप उभं राहतं.

खोली

दमट हवेत घाम सुकत नाही, म्हणून मुंबई-कोकणात एसीइतकाच पंखा महत्त्वाचा. वारा अंगावरून वाहिला पाहिजे, डोक्यावरून नाही. अंधारात लोक संकोच विसरतात हे खरं, पण गुडघे दिसतील इतका खालचा उजेड ठेवा, दिवे क्लासभरात दोन-तीनदाच बदला, आणि झपाझप उघडझाप करणारे दिवे वापरू नका, अपस्माराचा त्रास असलेल्यांना ते घातक ठरतात. आवाज फोनवरच्या डेसिबल अ‍ॅपने तपासा. अमेरिकेच्या कामगार-आरोग्य संस्थेच्या शिफारशीनुसार ८५ डेसिबल ८ तास चालतात, दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो, म्हणजे ९४ डेसिबल फक्त १ तास. दिवसात तीन क्लास घेणाऱ्या इन्स्ट्रक्टरचे कान ही मर्यादा रोज ओलांडू शकतात. बोलताना आवाज चढवू नका, गाणं थोडं खाली घ्या. माइक ओठांच्या कोपऱ्याशी, दोन बोटं दूर.

तोच क्लास पुन्हा

दर वेळी सगळं नवं असावं हा समज फार पसरलेला आहे. ज्या चढावर मागच्या आठवड्यात आपण हरलो तोच चढ पुन्हा आला तरच आपण सुधारलो हे कळतं. एक आखणी तीन-चार आठवडे ठेवा, गाणी एक-दोनच बदला. दर चौथ्या आठवड्याला एकाच गाण्यावर, त्याच सायकलवर, ५ मिनिटांचा तोच चढ घ्या आणि सरासरी वॉट किंवा अंतर प्रत्येकाच्या फोनमध्ये लिहायला लावा. घर्षणाच्या सायकलींवर आकडा भरवशाचा नसेल तर ७० फेऱ्यांवर श्रमाची पातळी किती वाटली ते लिहा. तीच लय पहिल्या महिन्यात ८ वाटली आणि दुसऱ्यात ६, तर प्रगती तीच आहे.

क्लास जमला का हे दारातच ‘मजा आली ना?’ विचारून कळत नाही, सगळे हो म्हणतात. दोन दिवसांनी गटाच्या व्हॉट्सअ‍ॅपवर विचारा: ‘परवाच्या क्लासमधलं काय आठवतंय?’ चौथा जोर किंवा शेवटचं गाणं असं उत्तर आलं तर आखणीला हात लावू नका. ‘घाम फार आला’ एवढंच आलं तर गाणी बदलण्याआधी तुमचं शिखर कितव्या मिनिटाला होतं ते बघा. आणि सीटबद्दल उत्तर आलं, तर त्या माणसाला पुढच्या वेळी १० मिनिटं आधी बोलवा.